महिन्याचं पिल्लू आणावं का? ब्रीडर म्हणतो 'आत्ताच न्या'

सोनचाफा | ९ डिसेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी.

आमच्याकडे लॅब्रेडॉरचं पिल्लू आणायचं ठरलंय. लेक नऊ वर्षांची आहे आणि तीन वर्षं मागे लागली होती. आता तळमजल्याचं घर मिळालं, पुढे थोडं अंगण आहे, म्हणून हो म्हटलं. नाशिकच्या बाहेर एक गृहस्थ पिल्लं विकतात, त्यांना टोकन देऊन झालंय. पिल्लं ८ नोव्हेंबरची, म्हणजे आज ३१ दिवसांची. 'रविवारी १४ तारखेला या आणि घेऊन जा' असा त्यांचा निरोप आला.

त्यांचं म्हणणं असं, की पिल्लं खायला लागली आहेत, आता आईची गरज उरली नाही. लहानपणी नेलं तर लळा चांगला लागतो, दोन महिन्यांचं झालं की ते आईला विसरत नाही.

सासूबाईंना हे अजिबात पटलेलं नाही. त्यांच्या माहेरी गाईगुरं होती. त्या म्हणाल्या, "अंगावर पिणारं लेकरू ओढून आणायचं आणि वर त्यानेच आपल्याला माया लावायची, होय?" नवऱ्याचं म्हणणं, तीन आठवड्यांनी काय मोठा फरक पडणार.

खरंच फरक पडतो का? ज्यांनी पिल्लं वाढवली आहेत त्यांनी अनुभव सांगा. रविवार जवळ आलाय.

घाटवाट | ९ डिसेंबर, रात्री १०:३१

आणू नका. ८ आठवडे पूर्ण होऊ द्या.

हे नुसतं माझं मत नाही, नियम आहे. केंद्र सरकारने २०१७ मध्ये कुत्र्यांची पैदास आणि विक्री याबद्दल नियम काढले. त्यांत ८ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला मनाई आहे, आणि ब्रीडरने राज्याच्या पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. त्यांच्याकडे नोंदणीचा कागद मागून बघा. काय उत्तर येतं त्यावरून बरंच कळेल.

मोगरा७७ | ९ डिसेंबर, रात्री १०:४०

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी एका वाक्यात धागा संपवलाय :)

माळरान | ९ डिसेंबर, रात्री ११:५८

झोपायला चालले होते, पण हे वाचून राहवलं नाही.

आमचा शेरू आठ वर्षांपूर्वी आला. विकणाऱ्याने ४५ दिवसांचा सांगितला. डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं आणि म्हणाले, "हा चार आठवड्यांचा आहे, फार तर." सुळे नुकते टोचायला लागलेले, मागे नुसत्या हिरड्या. आम्ही त्याला गाईचं दूध पाजत होतो. तिसऱ्या दिवशी हगवण लागली, चौथ्या दिवशी सलाइन. एवढासा जीव, शीर सापडेना. नशिबाने वाचला.

पण मला सांगायचंय ते त्याच्या पुढचं, कारण आजारपणाबद्दल सगळे बोलतात आणि याबद्दल कुणी बोलत नाही. पिल्लं चावतातच, ते आम्हाला माहीत होतं. शेरूला मात्र आपण चावलो की समोरच्याला दुखतं, हेच ठाऊक नव्हतं. माझ्या मनगटावर अजून दोन वण आहेत. ते रागाचे नाहीत, खेळातले आहेत. "आई गं" म्हणून ओरडलं की तो आणखी चेकाळायचा. धाकटा मुलगा सहा महिने सोफ्यावर पाय वर घेऊन बसायचा. ज्याच्यासाठी कुत्रा आणला, तोच कुत्र्याला घाबरून.

आता शेरू आठ वर्षांचा आहे. जेवत असताना त्याच्या बाजूने गेलं तरी गुरगुरतो. घरात एकटा राहत नाही, दाराची चौकट दोनदा बदलली. आणि सगळ्यात वाईट वाटतं ते फिरायला गेल्यावर. समोरून दुसरं कुत्रं खेळायला आलं की त्याला काय करायचं तेच समजत नाही. कधी जमिनीला चिकटतो, कधी अंगावर जातो. वास कसा घ्यायचा, मान कशी वळवायची, हे जे इतर कुत्र्यांना आपसूक येतं, ते त्याला कुणी शिकवलंच नाही.

माझा फार जीव आहे त्याच्यावर. घाई आमची होती, निस्तरतोय तो. सोनचाफा, तुमच्या लेकीसाठी तरी थांबा.

शेवगा | १० डिसेंबर, सकाळी ६:५०

मी उलट बाजूने बोलतो, राग मानू नका.

आमची वस्ती माणदेशात. आमच्याकडे कुत्रं महिन्याचंच आणतात. डोळे उघडले, पायात बळ आलं, की उचलायचं. दुधात भाकरी कुस्करून द्यायची, बस. कसली लस आणि कसला डॉक्टर. आमचा राजा असाच आलेला, चौदा वर्षं जगला. रात्री लांडगा आला तर मेंढरांच्या पुढे उभा राहायचा, पण घरातल्या पोराला कधी दात लावला नाही. पोरं त्याच्या पाठीवर बसायची.

शेरूबद्दल वाईट वाटलं ताई, पण सगळा दोष वयाला देता येईल का? फ्लॅटमध्ये कोंडलेलं कुत्रं कुठल्याही वयात आणा, बिघडणारच.

वहीपेन | १० डिसेंबर, सकाळी ९:१५

शेवगा यांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून शोधलं तेव्हा सापडलेली माहिती देते.

इटलीतल्या संशोधकांनी २०११ मध्ये १४० कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती गोळा केली. त्यातले ७० कुत्रे ३० ते ४० दिवसांचे असताना आईपासून वेगळे केलेले, आणि ७० कुत्रे दोन महिन्यांचे झाल्यावर. लवकर तोडलेल्यांत नासधूस, सततचं भुंकणं, बाहेर फिरताना घाबरणं, आवाजाने दचकणं, खाण्यावर आणि खेळण्यांवर हक्क दाखवणं, खेळताना चावणं, हे सगळं जास्त दिसलं. माळरान यांनी शेरूचं जे वर्णन केलंय ते जवळजवळ या यादीवरूनच उतरवल्यासारखं आहे.

दक्षिण आफ्रिकेत १९९३ साली जर्मन शेफर्डच्या पिल्लांवर अभ्यास झाला होता. सहाव्या आठवड्यात आईपासून काढलेली पिल्लं बाराव्या आठवड्यापर्यंत आईजवळ राहिलेल्या पिल्लांपेक्षा वजनाने मागे पडली, आजारी जास्त पडली आणि दगावलीही जास्त.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. जो ब्रीडर महिन्याचं पिल्लू विकतो तो बाकीच्या गोष्टीही नीट करत नसण्याची शक्यता मोठी. कुत्रीची आबाळ, अंधारी खोली, माणसांशी संबंध नाही. त्यामुळे किती दोष वयाचा आणि किती इतर गोष्टींचा, हे इटलीच्या अभ्यासातून पूर्ण वेगळं काढता येत नाही.

पशुवैद्य_काका | १० डिसेंबर, दुपारी १:०५

दवाखान्यातून जेवायला घरी आलोय, सवडीने लिहितो. तीस वर्षांत सगळ्यात जास्त पिल्लं मी डिसेंबर-जानेवारीत दगावताना पाहिली आहेत, म्हणून हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

आधी रोगांचं. गाय व्याली की वासराला चीक पाजतात, तसाच कुत्रीचाही चीक असतो. पिल्लाला रोगाशी लढायची बहुतेक सगळी ताकद पहिल्या २४ तासांत त्या चिकातून मिळते. पोटात असताना फार थोडी मिळते. ही उसनी ताकद सहा आठवड्यांनंतर ओसरत जाते, काही पिल्लांत सोळा आठवड्यांपर्यंत टिकते. अडचण अशी, की ती अंगात जोरात असेपर्यंत लस दिली तरी लागू पडत नाही, आणि थोडी ओसरली की रोगाला रान मोकळं. म्हणून पहिली लस ६ ते ८ आठवड्यांनी, आणि पुढे दर ३-४ आठवड्यांनी, १६ आठवडे होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनी. महिन्याच्या पिल्लाला 'लस देऊन देतो' असं कुणी म्हणालं, तर त्या लसीचा बहुतेक वेळा उपयोग झालेला नसतो.

आता हेच महिन्याचं पिल्लू घर बदलतं. आईची ऊब गेली, भावंडं गेली, खाणं बदललं, गाडीतला प्रवास झाला, नव्या जागेचे जंतू अंगावर आले. या ताणात पार्व्हो गाठतो. त्याचा विषाणू मातीत महिनोन्महिने जिवंत राहतो. अंगणात पूर्वी आजारी कुत्रं येऊन गेलं असेल तर तुम्हाला पत्ताही नसतो. उलट्या, रक्ताची हगवण, आणि एवढ्या लहान पिल्लाचा दोन-तीन दिवसांत खेळ आटोपतो.

दूध. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं गाईच्या दुधाच्या साधारण दुप्पट असतात आणि साखर कमी. गाईच्या दुधाने पिल्लाचं पोट भरल्यासारखं वाटतं, पण पोषण अर्धं आणि वर हगवण. शेरूचं हेच झालं.

'खायला लागलं म्हणजे आईची गरज संपली' हे चुकीचं आहे. चौथ्या आठवड्यापासून पिल्लं चाटूनमाटून खायला लागतात, पण दूध पूर्ण सुटायला सात-आठ आठवडे जातात. कुत्री स्वतःच ते हळूहळू तोडते. पिल्लांचे दात टोचायला लागले की ती उठून जाते, गुरगुरते, जास्त मस्ती केली तर तोंडाने धरून खाली दाबते. इजा करत नाही. पिल्लाला नाही म्हणजे काय, हे पहिल्यांदा तिथे कळतं. पाच ते आठ आठवड्यांत भावंडं एकमेकांना चावतात. ज्याला जोरात चावलं ते केकाटून खेळ सोडून जातं, आणि चावणारा एकटा पडतो. असं दिवसातून पन्नास वेळा झालं की दाताचा जोर आवरायला ते शिकतं. माणसाला हे शिकवता येतं, पण महिनोन्महिने लागतात, आणि तोवर मनगटं आपली असतात.

माळरानताई, शेरूच्या वागण्यावर आठव्या वर्षीही काम करता येतं. दुरून रोज दोन-चार मिनिटं एखादं शांत, मोठं कुत्रं बघू द्या. घाई नको.

माळरान | १० डिसेंबर, दुपारी २:२०

काका, शेवटच्या ओळी दोनदा वाचल्या. आमच्या गल्लीत एक म्हातारी गावठी कुत्री आहे, फार शांत. तिच्यापासून सुरुवात करते.

दूरदेशी | १० डिसेंबर, दुपारी ४:४५

मी लेस्टरला असतो. इथे परवानाधारक ब्रीडरला ८ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. शिवाय एप्रिल २०२० पासून इंग्लंडमध्ये मधल्या दुकानदाराने सहा महिन्यांखालची पिल्लं विकणं बंद झालं. घ्यायचं तर थेट ब्रीडरकडून किंवा प्राण्यांच्या आसऱ्यातून. पिल्लू आईसोबत बघूनच घ्यायचं.

आम्ही घेतलं तेव्हा त्या बाईंनी आमचीच तासभर उलटतपासणी केली. दिवसा घरी कोण असतं, बाग केवढी, मुलांना शिस्त आहे का. बायको म्हणाली, मुलगी बघायला आल्यावर सुद्धा तुमच्याकडच्यांनी एवढं विचारलं नव्हतं :D

सोनचाफा, माझा सल्ला एवढाच, की पिल्लू नका बघू, आई बघा. ती कुठे आहे, कशी आहे, माणूस जवळ गेलं तर काय करते.

उंबरठा | १० डिसेंबर, संध्याकाळी ५:३०

अवांतर आहे, पण मांजरांचं काय? शेजारी सहा आठवड्यांचं बोकेबाळ देतायत.

पशुवैद्य_काका | १० डिसेंबर, संध्याकाळी ५:५२

तेही थांबवा. मांजराचं पिल्लू आईजवळ बारा आठवडे राहिलेलं उत्तम. आई त्याला शिकवते ते बघण्यासारखं असतं.

मोगरा७७ | १० डिसेंबर, संध्याकाळी ६:०४

'बोकेबाळ' शब्द मी पळवला आहे. परत मिळणार नाही.

शेवगा | १० डिसेंबर, रात्री ९:२२

दिवसभर मेंढरांमागे होतो, आत्ता सगळं वाचलं. काकांनी भावंडांच्या चावण्याचं लिहिलंय ते वाचताना राजा डोळ्यासमोर आला, आणि एक गोष्ट लक्षात आली जी सकाळी सांगायची राहिली.

राजा महिन्याचा असताना आणला हे खरं. पण कुठून आणला? ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून, चुलत्यांच्याकडून. त्याची आई रोज संध्याकाळी आमच्याकडे यायची. आमची आजी तिला भाकरी टाकायची, आणि ती बसली की राजा जाऊन प्यायचा. तिने झटकेपर्यंत प्यायचा. त्याची दोन भावंडं दिवसभर इथेच बांधावर असायची. आमच्या मेंढरांबरोबर आधीची दोन मोठी कुत्री होती, त्यांनी त्याला दहादा लोळवला असेल.

म्हणजे आम्ही राजाला आईपासून तोडलाच नव्हता. त्याच्या झोपायची जागा बदलली एवढंच. सकाळी मी जे लिहिलं ते खरं होतं, पण अर्धंच होतं. शहरात पिल्लू गाडीत घालून तीस किलोमीटर नेलं की त्याला मागे काहीच राहत नाही.

आणि लस नसल्याचं म्हणाल तर, राजा जगला म्हणून त्याची गोष्ट सांगितली. त्याच वेताची बाकीची तीन पिल्लं पावसाळ्याच्या आत गेली होती. तेव्हा आम्ही 'हवा लागली' म्हणायचो.

वहीपेन | १० डिसेंबर, रात्री ९:४०

शेवगा, ही आठवण लिहिलीत, फार बरं केलंत. मी दिलेल्या आकड्यांपेक्षा यातून मला जास्त कळलं.

निरंजनी | ११ डिसेंबर, सकाळी ११:१०

मी गेली बारा वर्षं रस्त्यावरची पिल्लं सांभाळते, म्हणून थोडं वेगळं लिहिते. हा धागा वाचून कुणी तरी उद्या रस्त्यावरचं पिल्लू उचलेल, त्याच्यासाठी.

कुत्र्यांचा भाद्रपद सगळ्यांना माहीत असतो. त्यापुढे ६३ दिवस मोजा, म्हणजे आपल्याकडची बरीचशी पिल्लं कार्तिक-मार्गशीर्षात जन्मतात. ऐन थंडीत. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, रेतीच्या ढिगात, गटाराच्या पायपात. लोकांना पिल्लं एकटी दिसतात, कुडकुडताना दिसतात, आणि दया येऊन ती उचलतात. दया खरीच असते. पण आई मेलेली नसते. ती खायला गेलेली असते. सहा जणांना पाजायचं तर तिला दिवसभर उकिरडे धुंडाळावे लागतात. गेल्या वर्षी माझ्याकडे अठरा-वीस दिवसांची चार पिल्लं खोक्यातून आणून दिली. मी त्या माणसाला घेऊन परत त्याच जागी गेले. कुत्री तिथे रेती उकरत होती. आम्हाला बघून भुंकली नाही, सरळ खोक्यात तोंड घातलं.

तेव्हा आधी लांबून दोन-चार तास बघा. कोरडं गोणपाट टाका, आडोसा करा, आणि आईला खाऊ घाला. पिल्लाला उचलण्यापेक्षा त्याच्या आईला खायला घालणं कितीतरी सोपं आहे, आणि पिल्लं वाचतात.

आई खरंच गाडीखाली गेली असेल तर मात्र पर्याय नसतो. मग भावंडं वेगळी करू नका, निदान दोन एकत्र ठेवा. तीन आठवड्यांखालची असतील तर त्यांना स्वतःची ऊब धरता येत नाही आणि शी-शूसुद्धा आपोआप होत नाही, आई चाटते तेव्हा होते. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने ते काम आपल्याला करावं लागतं. पाजताना पिल्लाला तान्ह्या बाळासारखं उताणं धरू नका, दूध छातीत जातं. पोटावर ठेवा, जसं ते आईला पितं तसं. दूध पिल्लांसाठी मिळणारी पावडर कालवून. जंताचं औषध दोन आठवड्यांपासून, डॉक्टरांना विचारून, कारण जंत आईच्या पोटातूनच येतात.

माझ्या घरी एक काळी कुत्री आहे, राणी. तिला स्वतःला कधी पिल्लं झाली नाहीत. पण आलेल्या प्रत्येक अनाथ पिल्लाला ती वळण लावते. पिल्लू चावलं की नुसतं ओठ वर करून बघते. तेवढं पुरतं.

घाटवाट | ११ डिसेंबर, दुपारी १२:०२

निरंजनीताई, पिल्लं आली की नावं कशी ठेवता?

निरंजनी | ११ डिसेंबर, दुपारी १२:३०

नावं ठेवत नाही, नाहीतर देववत नाहीत. एकदाच ठेवलं. दत्तजयंतीच्या दिवशी देवळाच्या पायरीवर सापडला. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, हा पाचवा. दत्तू. तो माझ्याकडेच राहिला.

केळफूल | ११ डिसेंबर, दुपारी ३:१५

मला एक विचारायचंय. दक्षिण आफ्रिकेच्या अभ्यासात बारा आठवड्यांची पिल्लं जास्त चांगली निघाली, तर मग आठ कशाला, बारा आठवडे का नको?

पशुवैद्य_काका | ११ डिसेंबर, रात्री ८:४०

चांगला प्रश्न. दुसरी बाजू सांगतो.

अमेरिकेत मेन राज्यात स्कॉट आणि फुलर यांनी कुत्र्यांच्या पिल्लांवर वर्षानुवर्षं काम केलं. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बारा-चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लाचं मन जगासाठी उघडं असतं. त्या काळात जे दिसलं, ऐकलं, हुंगलं ते त्याच्या ओळखीचं होतं. पुढे नवीन गोष्टीची भीती वाटायला लागते. बारा आठवडे पिल्लू नुसतं शेडमध्ये आईजवळ राहिलं आणि माणसाचा हात, मिक्सरचा आवाज, लहान मुलाचं धावणं काहीच अनुभवलं नाही, तर तेही घाबरट होतं. त्या पिल्लांना मी पाहिलंय, टेबलाखालून बाहेर येत नाहीत.

ब्रीडरचं घर चांगलं असेल, पिल्लं माणसांत वाढत असतील, तर नऊ-दहा आठवडे आनंदाने राहू द्या. नसेल तर आठव्या आठवड्यात आणा आणि पुढचा महिना त्याला जग दाखवा. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर जमिनीवर सोडू नका, पण कडेवर घेऊन भाजी मंडईपर्यंत जा. शाळा सुटते तेव्हा फाटकाशी उभे राहा.

सोनचाफा | १३ डिसेंबर, रात्री ११:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. उद्याचा रविवार रद्द केला आहे, पण त्याआधी काय झालं ते सांगते.

काल त्यांना फोन केला आणि आई बघायची आहे म्हटलं. आधी म्हणाले ती फिरायला नेली आहे. मग म्हणाले ती अनोळखी माणसाला चावते. मग व्हिडिओ पाठवला, त्यात सहा पिल्लं पत्र्याच्या खोलीत, कुत्री कुठेच नाही. नोंदणीच्या कागदाचं विचारल्यावर "सगळेच असं विकतात मॅडम" असं उत्तर आलं.

आज आम्ही न सांगता गेलो. कुत्री होती. मागे वेगळी बांधलेली. आचळं इतकी तटतटलेली, की माझ्याच्याने बघवेना. मलाही लेक आहे. पिल्लांना ती गेल्या चार दिवसांपासून दिलीच नव्हती, 'दूध सुटावं म्हणून'. सासूबाई सोबत होत्या. त्या त्या माणसाशी भांडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "पुढच्या तीन आठवड्यांचा खाण्याचा खर्च आम्ही देतो, आमच्या एकाचा नव्हे, सगळ्यांचा. आईला सोड आणि ४ जानेवारीला आम्ही येतो." तो बराच वेळ हिशेब करत राहिला. शेवटी हो म्हणाला. आमच्यासमोर कुत्री सोडली. सहाही पिल्लं तिच्यावर तुटून पडली, ती आडवी झाली.

उरलेल्या पाचांसाठी गिऱ्हाईक आलं तर तो थांबेल का, याची खात्री नाही. एकाच्या पुढचे पैसे घेतल्यावर तरी त्याने शब्द पाळावा.

घाटवाट | १३ डिसेंबर, रात्री ११:३०

तुम्ही केलंत ते उत्तम. पण तक्रारही करा, जिल्ह्याच्या पशुसंवर्धन खात्याकडे. पैसे देऊन ही सहा पिल्लं वाचतील, कुत्रीचं पुढचं वेत परत तसंच बांधलं जाईल.

केळफूल | १४ डिसेंबर, सकाळी ८:१०

मला थोडं वेगळं वाटतं. अशा माणसाला जास्तीचे पैसे देणं म्हणजे त्याचा धंदा चालवणं झालं. टोकन सोडून द्यायला हवं होतं.

सोनचाफा | १४ डिसेंबर, सकाळी ९:००

केळफूल, रात्रभर हाच विचार करत होते. तुमचं चूक नाही. पण ती कुत्री समोर बांधलेली बघून नुसतं परत फिरणं मला जमलं नाही. तक्रार करणार आहे, कागद तयार करतेय.

माळरान | १४ डिसेंबर, दुपारी १:४०

मीही परत फिरू शकले नसते.

शेरूची बातमी: म्हातारीला रस्त्याच्या पलीकडून चार मिनिटं बघितलं. भुंकला नाही.

सोनचाफा | ५ जानेवारी, रात्री ९:४८

पिल्लू काल घरी आलं. ५७ दिवसांचं. वजन साडेपाच किलो. माळरानताईंनी मागे ४५ दिवसांचा म्हणून विकलेल्या शेरूचं सांगितलं ते लक्षात ठेवून डॉक्टरांकडे आधी दात दाखवले. दुधाचे २८ पूर्ण आहेत. पहिली लस ब्रीडरकडे झाली होती, पुस्तकात शिक्का आणि बाटलीवरची चिठ्ठी चिकटवलेली आहे. बाकीच्यांपैकी दोन पिल्लं मात्र त्याने मधे देऊन टाकली, शब्द अर्धाच पाळला. तक्रारीची पोच मिळालीय, अजून कुणी तिथे गेलेलं नाही.

सासूबाईंनी घरची जुनी गोधडी कुत्रीखाली आठ दिवस आधी नेऊन टाकली होती. तीच गोधडी पिल्लाबरोबर आणली. रात्री थोडं रडलं, मग गोधडीत नाक खुपसून झोपलं. आज लेकीच्या बोटाला दात लावले, ती "आई गं" म्हणाली, तर सोडलं आणि तिच्याकडे बघत बसलं. माळरानताई, तेव्हा तुमची आठवण झाली.

नाव अजून ठरलेलं नाही. सासूबाई त्याला 'सोन्या' म्हणतात, आणि ते त्याच नावाला यायला लागलंय.

पशुवैद्य_काका | ५ जानेवारी, रात्री १०:१५

सोन्याला आशीर्वाद. पुढचा डोस चुकवू नका, आणि पहिले आठ दिवस ब्रीडरकडे जे खात होता तेच द्या. खाणं हळूहळू बदला.

शेवगा | ६ जानेवारी, सकाळी ६:३५

सोन्याचं वाचून बरं वाटलं. मलाही एक विचारायचं आहे.

आमच्या खालच्या आळीत कुत्री व्याली आहे, २० डिसेंबरच्या सुमाराला. पिल्लांनी डोळे आत्ताच उघडलेत. एक जण परवाच एक उचलून न्यायला आला होता. त्याला म्हटलं, महाशिवरात्र होऊ दे, मग ने. तो म्हणाला, तोवर दुसरं कुणी नेईल. म्हणून कुत्रीसकट सगळी आमच्या गोठ्यात आणली. पाच पिल्लं आहेत. कुत्री फार वाळलीय, बरगड्या मोजता येतात. तिला काय आणि किती घालायचं?

पशुवैद्य_काका | ६ जानेवारी, सकाळी ७:१०

तिसरा-चौथा आठवडा सगळ्यात जड. तिला एरवीच्या दुप्पट-तिप्पट लागेल, पाच पिल्लांना त्याहूनही जास्त. नुसत्या दूध-भाकरीवर भागणार नाही. उकडलेली अंडी, मटणाच्या दुकानातलं काळीज-फुफ्फुस शिजवून, भाकरी त्या रश्श्यात कुस्करून. शिजलेलं हाड देऊ नका. दिवसातून चार वेळा, आणि पाणी सतत समोर. तिच्यासाठी आणि पिल्लांसाठी जंताचं औषध तालुक्याच्या दवाखान्यात मिळेल, वजन सांगून घ्या. आणि थरथरायला किंवा आखडायला लागली तर खायला घालत बसू नका, तसंच उचलून दवाखान्यात न्या, कॅल्शियम कमी झालेलं असतं.

शेवगा | ६ जानेवारी, सकाळी ७:२२

लिहून घेतलं. आज बाजार आहे, काळीज आणतो.